मिस्ड कॉलची झीज

प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत दिगंबरचं सिमकार्ड पडलं होतं. नखाएवढं ते, पण त्याच्यावर एका माणसाची दहा वर्षांची कैद टांगली होती. पेटीसमोर बसलेली रेश्मा खिलारे किल्ल्यांचा जुडगा चाळवत होती. ती ग्रामपंचायतीची शिपाई. जुडग्यात एक किल्ली कचेरीची, एक टाकीची, एक भोंग्याच्या कपाटाची.

तिचा नवरा दिगंबर धरणाचे दरवाजे सांभाळायचा. सतरा एप्रिलला वरून हुकूम आला, संध्याकाळी सहा वाजता पाणी सोडा. त्याआधी गावाला, म्हणजे सरपंचांना नाहीतर रेश्माला, फोन करायचा आणि रेश्मानं भोंगा वाजवायचा, हा नियम. पण गावात भोंगा वाजलाच नाही, आणि कोरड्या नदीत टरबुजाची वाडी राखणारे लिंबाजी आणि सरजाबाई वाहून गेले. पोलिसांनी रेश्माला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही हो, फोन नाही आला." कोठडीत ती भेटायला गेली, तर दिगंबरनं एवढंच विचारलं, "तू काय सांगितलंस?" तिनं सांगितलं. त्यानं तिच्या हातातल्या जुडग्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. तसंच सांग." आणि त्याच दिवशी त्यानं कबुली दिली, "मी कुणालाच फोन केला नाही. राहून गेलं."

राहून गेलं म्हणे! घरातून निघताना गॅस तीनदा तपासणारा माणूस हा! सरपंचांना फोन केलाच असणार, तेच आता कानांवर हात ठेवताहेत, असं रेश्मानं मनाशी धरलं आणि कॉलच्या नोंदी मिळवायला निघाली. मोबाइल कंपनीच्या दुकानातली बाई म्हणाली, "प्रीपेडला बिल नसतं, ताई. कोर्टाचं पत्र आणा." पत्र मिळेस्तोवर मुदत उलटून नोंदी पुसल्या गेल्या होत्या. उरलं ते हे सिम. कोर्टानं ते सूक्ष्मझीज प्रयोगशाळेकडे पाठवलं.

"नोंद पुसता येते, झीज पुसता येत नाही," तिथल्या डॉ. दळवी तिला म्हणाल्या. "माणसं ये-जा करतात तशी पायरी झिजते ना, तसंच हे. सिमवर काही लिहिलं गेलं की त्यातली स्मृतिपेशी कणभर झिजते. आमचा झीजवाचक ती झीज मोजून वेळ मिनिटापर्यंत सांगतो."

"पण एकदाच हं," त्यांचे सहकारी डॉ. होनप म्हणाले. "वाचताना थर खरवडला जातो. दुसऱ्यांदा वाचता येत नाही."

यंत्र घरघरलं.

"सतरा तारखेला दुपारनंतर काहीच नाही," दळवी हळूच म्हणाल्या.

"असं कसं?" रेश्मा उठलीच. "त्यांच्या हातात फोन होता हो! संध्याकाळी मला मिस्ड कॉल आला होता त्यांचा. कॉलला पुन्हा सेकंदावर पैसे लागायला लागल्यापासून आमचं ठरलेलंच आहे. एक रिंग म्हणजे 'निघालो, भात टाक'. मी टाकलाही होता भात!"

होनपांनी दळवींकडे पाहिलं. "प्रीपेड सिम पैसे कापले गेले तरच लिहितं. उचललाच नाही, तर पैसे नाहीत आणि झीजही नाही."

"करणाऱ्याच्या सिमवर नाही," दळवी म्हणाल्या. "घेणाऱ्याच्या सिमवर आहे. ते वाजलं की लिहितं. कसं थांबलं, तेही लिहितं."

रेश्मानं क्षणाचाही विचार केला नाही. बांगडीतली पिन काढून तिनं आपलं सिम बाहेर काढलं. बुडत्याला दोर मिळाल्यासारखं झालं होतं तिला.

या वेळी यंत्र बराच वेळ चाललं. दळवींनी दोनदा चष्मा पुसला.

"वर्षभर रोज सव्वासहाला एक रिंग," त्या म्हणाल्या. "ती करणाऱ्यानं तोडलेली. तशा रिंगची पेशी वेगळी असते. सतरा तारखेला पाच बेचाळीस, पाच त्रेचाळीस आणि पाच पंचेचाळीस. तिन्ही दुसऱ्या पेशीत आहेत."

"म्हणजे काय, मॅडम?"

"रोज ते तोडायचे. त्या दिवशी तिन्ही वेळा तुम्ही तोडलात."

रेश्माला ती संध्याकाळ आठवली. तांदूळ धुवत होती ती. आज लवकर कसा, असं वाटलं होतं. फोन वाजतच राहिला. उचलला तर यांचे पैसे जातील, म्हणून ओल्या अंगठ्यानं लाल बटण दाबलं. पुन्हा वाजला. "कळलं हो, कळलं! भुकेनं जीव चाललाय जसा!" असं म्हणत, हसत हसत पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही. भोंग्याचं कपाट घरापासून वीस पावलांवर होतं.

आणि दिगंबरला हे माहीत होतं. कोठडीतल्या त्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

"सुटतील ते, ताई," होनप म्हणाले. "तीनदा कॉल केल्याचा पुरावा आहे हा."

"फक्त अहवालात 'कॉल घेणाऱ्यानं तोडला' असं लिहावं लागेल," दळवींचा आवाज खाली आला. "तो कोर्टात वाचला जाईल. गावालाही कळेल."

रेश्मानं जुडग्यातून भोंग्याची किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली.

"लिहा," ती म्हणाली. "पण नुसतं 'घेणाऱ्यानं' लिहू नका, मॅडम. माझं नाव लिहा."