पत्रिका उघडण्याआधी

"तुमच्या प्रेसनं माझं लग्न ठरवलंय म्हणे. मुलगी कोण, तेवढं सांगा. घरी आईला उत्तर द्यावं लागेल."

इफ्फतनं मान वर केली. काउंटरपलीकडे उन्हानं लाल झालेला एक तरुण मोबाइल पुढे धरून उभा होता. ऐन लग्नसराईची सकाळ, समोर दोन प्रुफं आणि निवून गेलेला चहा... अशा वेळी थट्टा करणाऱ्याला ती सरळ बाहेरचा रस्ता दाखवायची. पण ह्याचे डोळे तेवढे हसत होते, आवाज नव्हता. तिनं मोबाइल हातात घेतला.

'हारुन प्रिंटिंग प्रेस, तळोदा'. नंबर तिचाच. खाली लिहिलेलं, 'आपल्या लग्नाची पत्रिका. जरूर पाहा.' आणि त्याखाली एक फाइल.

"मी हे पाठवलंच नाही..."

"माहीत आहे, म्हणून तर आलो. कालपरवा कुणाची अशी पत्रिका उघडली होती का तुम्ही?"

आता पत्रिका छापणाऱ्या मुलीला हे काय विचारणं झालं? गिऱ्हाईक कुठलीतरी जुनी पत्रिका पाठवतं, 'अश्शीच करा' म्हणतं, आणि ही उघडते. दिवसातून वीसदा. काल संध्याकाळी अनोळखी नंबरावरून अशीच एक आली होती. उघडताना फोननं कसलीशी परवानगी मागितली आणि बाईसाहेबांनी घाईत देऊन टाकली. एरवी एकेक प्रूफ चारदा वाचणारी मुलगी, पण तिथं एकदाही वाचलं नाही.

"ती पत्रिका नव्हती, ॲप होतं," तो म्हणाला. "फोनमध्ये शिरून मेसेज वाचतं, बँकेचा ओटीपीसुद्धा. मग तुमच्या यादीतल्या सगळ्यांना तुमच्याच नावानं स्वतःला पाठवतं. माणसांचा तुमच्यावर विश्वास असतो, तोच त्याला हवा असतो. आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. सिम काढू या. पिन आहे?"

पिन कुठली असायला? इफ्फतनं कानातलं काढलं आणि त्याची बारीक तार पुढे केली. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कानातल्याकडे... आणि मान खाली घालून सिम काढलं.

त्याचं नाव अजहर. नंदुरबारच्या एका कॉलेजातले संगणक आणि नेटवर्क सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी बहिणीची, हलीमाची पत्रिका इथंच छापलेली, म्हणून त्याचा नंबर प्रेसच्या यादीत. त्या यादीत आजघडीला चारशेच्या वर घरं होती.

एवढ्यात पितांबर आबा दारात येऊन ठाकले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका इथं छापायची, असं कालच ठरलं होतं.

"पोरी, तुन्ही पत्रिका उघाडी नी मन्हा फोन येडा व्हई गया. आते मन्ही पोरनी पत्रिका दुसरीकडे छापाले दिसू मी."

आतल्या खोलीतून अब्बा बाहेर आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. स्टुलावर बसले आणि चष्मा पुसत राहिले. अब्बांनी चाळीस वर्षं शाईत हात घालून कमावलेलं नाव आज दुपारपर्यंत मातीत जाणार होतं, आणि घालवणारी दुसरी कुणी नव्हती, तीच होती. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं तिला.

"सगळ्यांना मेसेज टाकते, उघडू नका म्हणून," ती घाईनं म्हणाली.

"कुठल्या नंबरावरून?" अजहरनं विचारलं. "ह्या नंबराचं आता कुणी ऐकणार नाही. आणि जे ऐकतील ते आधी फाइल उघडून मोकळे झाले असतील."

तेव्हा कुठे अब्बा बोलले. "वही आहे ना, बेटा."

अब्बांचा एक नियम होता. मुलाकडची आणि मुलीकडची, दोन्ही सह्या प्रुफावर पडल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. छापल्यावर भांडण नको. म्हणून वहीत प्रत्येक लग्नामागे दोन्ही घरांची नावं आणि फोन. लोक हसायचे त्या वहीला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

अजहरनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. आधी आबांचा फोन हातात घेतला, ते ॲप काढलं, बँकेला कळवायला लावलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. आबा जाताना काउंटरवरचं पाणी तेवढं पिऊन गेले. मग अजहरच्या मोबाइलवरून तो आणि अब्बांच्या बटणाच्या फोनवरून ती, असे दोघं वही मध्ये ठेवून बसले. "तुम्ही मुलाकडचे घ्या," तो म्हणाला, "मी मुलीकडचे घेतो. मुलीकडचे लोक जास्त प्रेमानं बोलतात."

"अनुभव दिसतोय."

"नाही हो... ऐकून आहे."

डोंगरातल्या गावांत फोन लागेनात. मग उरलेल्या गुलाबी कार्डांवर अब्बांनी स्वतः मजकूर छापला. 'आमच्या नावाने आलेली फाइल उघडू नका. कुठलीही पत्रिका आली, तर ज्याने पाठवली त्याला आधी फोन करून विचारा. मगच उघडा.' वरच्या गावांना जीप नेणाऱ्या इंद्रसिंगनं तो गठ्ठा जीपच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि अक्कलकुव्यापासून वरच्या पाड्यांपर्यंत घरोघर पोहोचवला.

दिवस कलेपर्यंत दोघांचे घसे बसले होते. तेरा फोन बिघडलेले निघाले. अजहरनं दोन दिवस तळोद्यात मुक्काम करून तेराही नीट केले. कुणाच्या बँकेतलं काही गेलं नाही. इफ्फतचं कानातलं मात्र त्याच्या खिशातून नंदुरबारला गेलं. ते परत द्यायला तो रविवारी आला, हे सांगायला नकोच.

त्याच रविवारी इंद्रसिंगच्या जीपमधून आमचूरची पुरचुंडी उतरली. वरच्या एका पाड्यावरच्या तापीबाईंनी पाठवलेली. गुलाबी कार्ड हातात पडलं तेव्हा त्यांच्या मुलाचं बोट फाइलवरच होतं म्हणे. मागोमाग पितांबर आबा आले. "दूध का दूध व्हई गयं, पोरी. पत्रिका तूच छाप," म्हणाले. इफ्फतला भरून आलं. अब्बा आत जाऊन उगाच मशीन पुसू लागले, आणि ती ओळखून होती की त्यांचेही डोळे ओले झालेत.

आमचुराची अर्धी पुरचुंडी तिनं अजहरच्या हातात दिली. "तुम्ही नसता आलात तर आज हे शटर बंद असतं. उपकार कसे फेडू तुमचे?"

"फेडू नका," तो म्हणाला. "फेडलेत, तर मला यायला कारण उरणार नाही."

कारणं मग उरत गेली. एका रविवारी व्हॉट्सॲपला पिन टाकायचा राहिला होता. दुसऱ्या रविवारी संगणकातल्या डिझाइनांची वेगळ्या डिस्कवर नक्कल करायची होती. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, तरी चहा दोनदा झाला. इफ्फतला आताशा रविवारी सकाळपासून रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलचा आवाज ऐकू यायचा. मनाशी ती कबूलही करायची. नुसते उपकार असते तर जीव असा दाराकडे लागला नसता.

लग्नसराई संपली. त्या रविवारी तो आला आणि त्यानं काउंटरवर एक बंद पाकीट ठेवलं.

"काय आहे?"

"पत्रिका आहे. छापायचीय."

तिचा हात पाकिटापाशी जाऊन थांबला. ह्याचं लग्न? कुणाशी? तिनं वर पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि कान लालेलाल झाले होते. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. पाकीट तसंच ठेवून तिनं अब्बांचा बटणाचा फोन उचलला आणि नंबर दाबला.

काउंटरपलीकडे अजहरचा मोबाइल वाजला. त्यानं गोंधळून कानाला लावला.

"हॅलो... मी प्रेसमधून बोलतेय. आमच्याकडे एक पत्रिका आलीय. तुम्हीच पाठवली का?"

"हो... मीच."

"चुकून तर नाही ना गेली?"

"नाही." तो आता तिच्याकडे बघत होता. "दोन महिने तपासली, मग पाठवली."

"उघडू मग?"

"उघडा. पण परवानगी मागेल हं... वाचून द्या."

इफ्फतनं पाकीट उघडलं. पांढरा कागद. मुलाच्या जागी त्याच्या अक्षरात 'अजहर'. मुलीची जागा कोरी. खाली मुलाकडची सही झालेली होती.

फोन कानाला तसाच धरून तिनं पेन घेतलं. कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं, सावकाश, आणि चारदा वाचलं.

"अब्बा," तिनं आत हाक मारली, "जरा बाहेर या. प्रूफ आलंय. मुलीकडची सही राहिलीय."