रिकामी खुर्चीही दमली

आत्याची खुर्ची टेबलाच्या अर्ध्यावरच थांबली.

"ढकलू?" टाचणीने विचारलं.

"नको गं," आत्या म्हणाली आणि दोन्ही हातांनी चाकांना पुन्हा रेटा दिला. खुर्ची वीतभर सरकली आणि रुसल्यासारखी परत थांबली.

टाचणी नुसती बघत राहिली. सुट्टी लागली की ती काकांच्या शिवणकारखान्यात मुक्कामाला यायची. शाळांचे गणवेश याच दिवसांत शिवले जायचे. आत्या तिथली कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरलेले असत. चाकांच्या खुर्चीतली आत्या एक रेटा देई आणि कापडावर खडू टेकवून या टोकापासून त्या टोकाला सुळकन जाई. एका दमात, एक रेघ. जाता जाता गुणगुणे,

"फिर रे चाका, फिर गरागरा,
दोरा संपला की थांब जरा."

यंदा रेघ मध्येच तुटत होती. तुटल्या रेघेवरून कापलेली पँट एका पायाने वाकडी होते, आणि तशा पँटींचा ढीग कोपऱ्यात वाढत होता. शेवटी आज सकाळी काका म्हणाले, "ताई, हात थकले तुझे. उद्यापासून नवा मास्तर येतोय. तू खिडकीपाशी बस, बटणं लाव. निवांत."

आत्या भांडली असती तर टाचणीला बरं वाटलं असतं. पण आत्याने मोठी कात्री पुसली, फडक्यात गुंडाळली आणि काकांच्या हातात दिली. बस्स, एवढंच.

दुपारी आत्या आतल्या खोलीत जरा आडवी झाली. कारागीर जेवायला गेले. मोकळ्या कारखान्यात तिघंच उरली: टाचणी, काकांचा वाटोळा मुलगा गुंडी आणि शेजारचा वकील. वकील वयाने बाराचा, पण वादात साठीचा.

"आत्या म्हातारी झाली का रे?" टाचणीने विचारलं.

"चाललेलं सगळं कधीतरी थांबतंच," गुंडी म्हणाला. "तीच म्हणते." त्याने एक रिकामं रीळ टेबलावरून सोडलं. ते गडगडत पार टोकाला गेलं आणि खाली पडलं. दुसरं सोडलं ते नेमकं फलालीच्या गठ्ठ्यावर चढलं आणि तिथेच गपकन बसलं.

"थांब, थांब," वकील म्हणाला. "रीळ तसंच, हात तोच. मग हे का लवकर थांबलं?"

"फलालीच्या लवीत अडकलं. त्यात काय मोठं?"

"मोठं हेच, की रीळ दमलं नाही. त्याला कोणीतरी धरलं."

टाचणीने वाकून फरशी पाहिली. फरशी तीच होती, गुळगुळीत, कालपरवाच पुसलेली. तिथे धरणारं कोणी नव्हतं. तिचा चेहरा पुन्हा पडला.

वकिलाने आतल्या खोलीतून आत्याची खुर्ची हळूच बाहेर आणली, तीत बसला आणि चाकं रेटली. खुर्ची चार फरशा जाऊन थांबली. तेवढ्यात काका हात पुसत आले.

"काका, बघा, माझ्याकडूनही जात नाही!"

"तुझ्या दंडात आहे काय, वकीलसाहेब? नुसती जीभ." काका हसले. "उठा. ती काय खेळायची गाडी आहे?"

वकिलाचं तोंड एवढंसं झालं. मोठ्या माणसांपुढे खरं बोलूनही हरता येतं, हे टाचणीला त्या क्षणी कळलं आणि तिचे डोळे भरून आले. रागारागाने तिने रिकाम्या खुर्चीला ढकलून दिलं.

खुर्ची कुरकुरत गेली. पाचव्या फरशीवर थांबली.

टाचणी बघतच राहिली. "काका," ती हळू आवाजात म्हणाली, "आता खुर्चीत कोणीच नाही. मग दमलं कोण?"

काकांनी स्वतः एक रेटा दिला, चांगला दणकून. खुर्ची जरा पुढे गेली, आणि थांबली.

गुंडीने ती आडवी केली. पुढच्या दोन छोट्या चाकांच्या आसाभोवती काळं, घट्ट काहीतरी गुंडाळलेलं होतं, जणू चाकांनी लोकरीचे मफलर घातलेत. टाचणीने टाके उसवायचं हत्यार घेतलं आणि टोकाने एक धागा ओढला. तो निळा निघाला.

"या वर्षीच्या गणवेशाचा," गुंडी म्हणाला.

त्याच्याखाली पांढरा निघाला. त्याखाली तपकिरी, गेल्या वर्षीचा. फरशीवर पडलेला एकेक दोरा चाकाने उचलून आपल्याच गळ्याभोवती आवळून घेतला होता.

"अशक्य," काका म्हणाले. "दर शनिवारी मशीनांना तेल घालतो, तेव्हा या चाकांनाही घालतो. माझ्या हाताने. सढळ."

"तेच तर," वकील म्हणाला, पण या वेळी आवाज खाली ठेवून. "तेलाला कापडाचा भुसा चिकटला. दाबून दाबून त्याचा घोंगडीसारखा घट्ट नमदा झाला. मशीन तुम्ही आधी पुसता, मग तेल घालता. खुर्ची कधी पुसलीत?"

काका फरशीवरच बसले. त्यांच्या हातात काळ्या दोऱ्यांचा गोळा होता. तो टाकून द्यायचंही त्यांना सुचेना.

"मीच ढकलत होतो तिला येता-जाता," ते म्हणाले. "जड लागायची. मला वाटलं, बसून बसून ताईचं वजन वाढलं."

आत्या उठली तेव्हा साफ केलेली खुर्ची पुन्हा पलंगापाशी होती, जिथे नेहमी असते. आत्या बसली, टेबलाच्या टोकाशी आली आणि सवयीने जोर लावून एक रेटा दिला.

खुर्ची निघाली. टेबलाचा मध्य मागे पडला, फलालीचा गठ्ठा मागे पडला. आत्याचे हात मांडीवर होते, तरी ती जातच होती. टेबल संपलं, त्यानंतर चाकं सावकाश थांबली.

तिने मागे न वळता आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"वर्षभर," ती म्हणाली, "मी या हातांना बोल लावत होते रे."

काकांनी तो काळा गोळा तिच्यापुढे धरला. मान खाली. "मुलांनी शोधलं, ताई. मी नुसतं तेल ओतत होतो."

आत्याने गोळा पाहिला. मग तिघांना जवळ घेतलं. गुंडीचा गाल तिने असा ओढला की तो कळवळला. "शहाणी गं माझी टाचणी," ती म्हणाली. "बरोबर टोचलंस. आणि वकीलसाहेब, आज तुम्ही खटला जिंकलात."

"पण तो नवा मास्तर?" टाचणीने विचारलं. "तो तर येणारच ना उद्या?"

काकांनी कान खाजवला.

"येऊ दे बिचाऱ्याला," आत्या म्हणाली. "टेबल लांब आहे, दोघं मावू. माझी कात्री तेवढी दे."

काका कात्री आणायला गेले. आत्याने खडू उचलला, चाकांवर हात ठेवले आणि गुणगुणली,

"फिर रे चाका, फिर गरागरा..."

पुढची ओळ तिने म्हटली नाही. रेघ सरळ शेवटपर्यंत गेली.