खोल कडेवरचे खड्डे

समुद्राखालचं आमचं तेलाचं खोरं मी घरच्या जिन्यासारखं ओळखतो. पूर्वेला किनाऱ्यालगत उथळ चिखल, मध्ये उंचवट्यावर तेल-वायूच्या विहिरी आणि त्यांवर चार पायांवर कायमचे उभे प्लॅटफॉर्म, पश्चिमेला तळ एकदम खोल जातो. बोटी यंत्राने तळाचं चित्र घेतात, मी ऑफिसात बसून नकाशा करतो. विहीर खणणारी रिग तीन पायांवर उभी राहते. ती हलली की तळात तीन खड्डे उरतात. ते नकाशावर दाखवावेच लागतात, नाहीतर पुढच्या रिगचा पाय त्यात घसरलाच म्हणून समजा.

यंदा पश्चिमेच्या खोल कडेवर मला चार खड्डे दिसले. तिथे कुठल्याही रिगचे पाय टेकणं शक्य नाही.

"यंत्राचा दोष. पुसून टाका," साहेब म्हणाले.

"साहेब, कडा अगदी ताज्या आहेत."

"तुम्हाला पगार नकाशे काढायचा मिळतो, शहाणपणाचा नाही."

पुसले. झक मारत पुसले! पुढच्या फेरीत तसेच चार खड्डे थोडे पूर्वेला निघाले. मग आणखी पूर्वेला. वाटेत पाइपलाइन होती, तिच्यावर एकही पाय पडला नव्हता. मी कागदावर पट्टी ठेवून रेघ ओढली. रेघ सरळ धाकट्याच्या प्लॅटफॉर्मकडे चालली होती.

धाकटा भाऊ तिथे वायूचे व्हॉल्व्ह सांभाळतो. फोन केला तर उखडलाच.

"दादा, नोकरी धरल्यापासून तुझं हेच! कधी वादळ, कधी आग, आता काय तर समुद्रात कोणी चालतंय! लोक हसतील मला."

"हसू देत. आजारी पड, भांडण कर, वाट्टेल ते कर, पण पहिल्या हेलिकॉप्टरने नीघ. आईची शपथ आहे तुला."

त्याने फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचाच फोन आला. आवाज पार बसला होता.

"दादा, ताप आलाय म्हणून सांगितलं. हेलिकॉप्टर आलंय."

"मग बस की त्यात!"

"ते उतरत नाहीये. नुसतं घिरट्या घालतंय. पायलट रेडिओवर विचारतोय, शेजारी शेजारी दोन प्लॅटफॉर्म दिसतात, तुमचा कोणता?"

मी नकाशा पुढे ओढला. तिथे एकच प्लॅटफॉर्म होता.

"दोन्हींवर माणसं हात करून बोलावतायत म्हणे."

"अरे, मग तुम्ही काहीतरी वेगळी खूण करा ना!"

"दादा," तो कुजबुजला, "आम्ही सगळे आत आहोत. बाहेर कुणीच नाही."