चौथी बाटली

खोटं सांगून मला काय मिळणार? मावशी अजून धडधाकट आहे, तिलाच विचारा. तुमच्या तोंडावर दार आपटेल, तो भाग वेगळा.

मावशी नवजात बाळांच्या आयसीयूत सिस्टर होती. तोंडाने फटकळ, हाताने पक्की. त्या दिवशी बुधवार होता. दुपारचे तीन, बाहेर लख्ख ऊन.

तीन बाळं सीपॅपवर होती. म्हणजे नाकात दोन इवल्या नळ्या, त्यातून हवा, आणि हवेची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत. नाकात नळ्या घट्ट बसल्या तरच बाटलीत बुडबुडे येतात. निसटल्या, की बाटली गप्प. मावशी कानांनीच पहारा द्यायची.

बुडबुड... बुडबुड... बुडबुड...

आणि हा चौथा आवाज?

कोपऱ्यातला बेड तर रिकामा होता... तिथे बाटलीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात मधली बाटली गप्प झाली. मधलं बाळ निळं पडलेलं. नळ्या गालावर... चिकटपट्टी अलगद सोडवलेली.

मावशीने त्या पुन्हा बसवल्या. पाठ वळते न वळते तोच निघाल्या. तिसऱ्यांदा तर तिच्या बोटांखालून ओढल्या गेल्या.

हे मशीन आधी कोणाचं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या बुधवारी बाळं चार होती, मशीन तीन. डॉक्टर अजून वाटेत होते. मावशीनेच कोपऱ्यातल्या मुलीच्या नळ्या काढून या मुलाला लावल्या. ही काही टिकायची नाही, असं वर म्हणालीही. मुलीची आई तिथेच उभी होती.

"ते तिचं होतं," एवढंच आई बोलली.

मुलगी तासाभरात गेली. तीन वाजता.

चौथं मशीन दुसऱ्या दिवशी आलं. वरातीमागून घोडं.

आता मावशीने तेच ओढत कोपऱ्यात नेलं, सुरू केलं. नळ्या रिकाम्या चादरीवर ठेवल्या.

"हे तुझं," ती म्हणाली. "त्याला सोड."

नाकाशिवाय बुडबुडे येत नाहीत...

बाटली वाजायला लागली.

मुलगा गुलाबी झाला, बारा दिवसांनी घरीही गेला. पण मावशी निवृत्त होईपर्यंत ते मशीन रोज तीनला कोपऱ्यात लागायचं. कोणी हात लावला तर ती अंगावर धावून जायची.

परवा दुपारी तिला नव्या सिस्टरचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. कोपऱ्यातलं मशीन उगाच पडून होतं म्हणून नव्या बाळाला लावलं, असं ती सांगत होती. मग तिचा आवाज बदलला.

"ताई, नळ्या बसतच नाहीयेत. एकाही बाळाच्या."

फोनमधून बुडबुड ऐकू येत होती... एकाच बाटलीची.

तेवढ्यात फोन कट झाला, परत लागेचना. मावशीने चपला घातल्या. तिच्या घरापासून हॉस्पिटल बसने चाळीस मिनिटांवर आहे.