मान खाली घातलेला पक्षी

आमचा पियानो उभ्या घडणीचा, भिंतीला पाठ लावून असलेला. बायकोला तो तिच्या वडिलांकडून मिळाला. वाजवते तीच. मला त्यातलं काही कळत नाही. मी शेजारच्या वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसतो आणि ऐकतो.

मला आवडतं ते त्याचं लाकूडकाम. पुढे अक्रोडाच्या दोन फळ्या, दोन्हींवर मेणबत्तीसाठी पितळी हात. प्रत्येक फळीवर फिकट लाकूड जडवून केलेली फांदी आणि तिच्यावर दोन पक्षी. एकाची चोच उघडी, दुसऱ्याची मान खाली. डावी फळी म्हणजे उजवीचं आरशातलं रूप. लग्न नवं असताना बायको म्हणाली होती, "गातेय ती मी. मान घालून ऐकताय ते तुम्ही." पुस्तकांचं कपाट सोडलं तर या घरात माझी खूण एवढीच.

पॉलिशवाल्यानं फळ्या कारखान्यात नेल्या आणि चकचकीत करून परत बसवल्या. तो गेल्यावर मी खुर्चीत टेकलो. उजव्या फळीवर एकच पक्षी होता. चोच उघडलेला.

"अगं, यानं फळी बदलली."

"आधी चष्मा पुसा."

पुसला. मान घातलेल्या पक्ष्याच्या जागी अक्रोडाच्या रेषा सलग गेल्या होत्या. तो माणूस जरा जास्तच गोड बोलत होता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण माझा स्वतःवरही फारसा भरवसा नाही. हल्ली नावं विसरतो, दुधाचं पातेलं गॅसवर विसरतो. म्हणून डावी फळी बोटानं चाचपून पाहिली. तिकडे दोघंही होते. म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं.

त्याला जाब विचारायचा धीर काही मला होईना. शेवटी बायकोनंच फोन लावला. "यांचा एक पक्षी उडालाय म्हणे," ती हसत म्हणाली.

तो आला तो फुरंगटूनच. "काका, मला चोर समजलात होय?"

मी खुर्चीतच काहीतरी पुटपुटलो. त्यानं उजवी फळी काढून माझ्यासमोर उलटी धरली. तडकलेला जुना सरस, कडेला किडीची जुनी भोकं.

"ही बदललेली दिसते?"

नव्हती दिसत.

मग त्यानं ती सुलटी करून डावीशी ताडून पाहिली, आणि त्याचा आवाज उतरला. "असं होतच नाही, काका. लाकडाचे दोन पापुद्रे एकावर एक ठेवून एकाच करवतीनं कापतात. एकात जे आहे ते दुसऱ्यात असणारच. आणि एकातून गेलं, तर..." तो माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "तुम्ही तर काही खरवडलं नाहीत ना?"

आता संशय माझ्यावर होता.

बायको चहा करून आली. दोनच कप. एक तिनं त्याला दिला, दुसरा स्वतः घेतला. विसरली असेल, म्हणून मी बोललो नाही. माझं बोलणं तसंही कुणाला पटकन ऐकू जात नाही.

तो कप ठेवून डाव्या फळीवर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

"काकू, जुळतंय की सगळं."

"काय जुळतंय?"

"दोन्हीकडे एकेकच पक्षी आहे."

"एकेकच तर आहे. पहिल्यापासून."

"मग मला बोलावलंत कशाला?"

बायकोनं आठवून पाहिलं. "काय माहीत! म्हातारी झाले रे मी."

"अगं," मी म्हणालो.

कुणी वळलं नाही.

मी पुन्हा हाक मारली. आयुष्यात कधी मारली नव्हती इतक्या मोठ्यानं.

पॉलिशवाला फळी बसवू लागला. पियानोवरची तिची स्वरलिपीची पुस्तकं त्याच्या आड येत होती. बायकोनं ती उचलली, कुठे ठेवावीत म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळा ढीग वेताच्या खुर्चीत ठेवला.

खुर्चीत मी बसलेलो होतो.