वाढणारा लांडगा

आमच्या पप्पांना एक लांडगा रोज जेरीस आणायचा, आणि तो लांडगा खरासुद्धा नव्हता. पप्पा मात्र खरे पैलवान. संग्राम खोत हे नाव वारणेच्या दोन्ही काठांवर कुणालाही विचारा. आखाड्यात त्यांनी भल्याभल्यांना आस्मान दाखवलं होतं, आणि आता गावच्या तालमीचे ते वस्ताद होते. असा माणूस एका चित्रातल्या लांडग्यापुढे हात टेकतो म्हणजे काय, हे कोडं मला काही केल्या सुटत नव्हतं.

झालं होतं असं, की गेल्या हिवाळ्यात पप्पांना पक्षाघात झाला (मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबला, की त्या भागाच्या ताब्यातला अवयव लुळा पडतो). पाय लवकर सावरला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायला लागला, पाहुणा असल्यासारखा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हात वापरलात तरच तो परत येईल आणि त्यासाठी हेच काही महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता थांबलात तर बोटं आखडतील आणि मग ती उघडणं अवघड आहे.

व्यायामासाठी दवाखान्यानं आमच्या घरी तीन वस्तू पाठवल्या. डोळ्यांवर चढवायचा चष्मा, हातात घालायचा पंजा आणि टेकू. टेकू हा कमरेएवढा, चाकांवर फिरणारा यंत्रमानव होता. पंज्याच्या आत संवेदक होते (दाब आणि हालचाल ओळखणारी बारीक यंत्रं). चष्मा लावला की समोर ‘मायागिरी’ नावाचं जग उघडायचं. त्यात डोंगर, किल्ले, यक्षांची तळी आणि बोलणारी झाडं होती. वाटेल तिकडे जा, वाटेल ते करा. पंज्यात मूठ आवळली की तिथल्या हातातली तलवार घट्ट धरली जायची, आणि जितकी जोरात आवळाल तितका घाव जबरी बसायचा.

खेळात गफलती ढिगानं होत्या. वेशीवरच्या म्हातारीची शेळी रोज हरवायची. काल आम्हीच ती शोधून आणलेली असली तरी आज ती पुन्हा डोळ्यांना पदर लावून उभी. घोडा सरळ उभ्या कड्यावर चढायचा आणि वर गेला की दगडात अर्धा रुतायचा. लोहाराला पप्पांनी राक्षसाचं शिंग आणून दिलं, तर त्यानं नव्यानं ओळख विचारली. मी आणि पप्पा यावर पोट धरून हसायचो. पप्पा आजारपणानंतर तेवढेच हसायचे, म्हणून मला त्या गफलतींचा राग येत नसे.

राग यायचा तो लांडग्याचा. गावाबाहेरच्या करवंदीच्या जाळीत तो बसलेला असे. पहिल्या दिवशी त्यानं पप्पांना दमवलं, ते ठीक होतं. पण पुढे पप्पांना रुप्याची तलवार मिळाली, ‘वनवीर’ ही पदवी मिळाली, दोन किल्ले त्यांच्या नावावर झाले, आणि तरी त्या जाळीपाशी गेलं की तोच लांडगा त्यांना तितकाच घाम फोडायचा. कधी जेमतेम जिंकायचे, कधी जेमतेम हरायचे. टेकू दोन्ही वेळा म्हणायचा, “शाबास, छान प्रगती आहे.” तलवार हातातून गळून पडली तरी शाबास. असल्या शाबासकीवर वस्तादांचा विश्वास कसा बसणार?

एका सकाळी हरल्यावर पप्पांनी पंजा काढला आणि कपाटात ठेवून दिला. आईनं समजावलं, मी हट्ट केला, टेकूनं आलेख दाखवले. पप्पा एवढंच म्हणाले, “पहिल्या दिवशीबी हेच, आजबी हेच. हात मेलाय माझा. उगं कशाला त्याला हलवत बसू?”

तालीम आता दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल, असंही ते जेवताना आईला सांगत होते. डाव्या हातानं घास घेत, खाली बघत. मला त्या वेळी रडू आलं आणि रडण्याचा संतापही आला. मी ठरवलं, की त्या लांडग्याचं बिंग फोडल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

दुपारी पप्पा झोपले तेव्हा मी पंजा माझ्या हातात चढवला आणि पप्पांच्याच खात्यातून मायागिरीत शिरले. जाळीपाशी गेले. लांडगा आला, मी जीव खाऊन मूठ आवळली, आणि त्यानं मला एका झेपेत लोळवलं. पुन्हा गेले, पुन्हा लोळवलं. मी चक्रावले. माझा हात धडधाकट आहे, मी शाळेच्या रस्सीखेचीत पहिली असते. पप्पा ज्याच्याशी बरोबरीनं झुंजतात, तो मला क्षणभरही उभी राहू देत नाही, हे कसं?

शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाई एक गोष्ट घोकून घेतात. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी खेळणारा माणूस बदलला होता, आता खातं बदलून बघायचं होतं. मी नवं खातं उघडलं. तेच गाव, तीच म्हातारी, तीच शेळी, तीच जाळी. लांडगा आला आणि मी नुसती मूठ मिटली, तर तो शेपूट घालून पळाला.

म्हणजे लांडगा एक नव्हता. प्रत्येकाचा वेगळा होता, आणि पप्पांचा लांडगा माझ्या लांडग्यापेक्षा कितीतरी तगडा झालेला होता.

मी टेकूला गाठलं. विचारलं त्याला तो खरं उत्तर देतो, न विचारलेलं मात्र सांगत नाही, ही त्याची खोड मला माहीत होती. म्हणून मी सरळ विचारलं, की पप्पांचा लांडगा वाढतो का. टेकू म्हणाला, हो, रोज. मग त्यानं मला सगळं पायरीपायरीनं समजावलं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगणारा गोळा असतो. पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो, पाणी उतरलं की नळ उघडतो. टाकी स्वतःच्याच पातळीकडे बघून आपला नळ चालवते. याला प्रत्याभरण म्हणतात (एखाद्या कामाचा परिणाम मोजून त्यावरूनच त्या कामाची पुढची चाल ठरवणं). मायागिरीतही तेच चालतं. पंजा मुठीचा जोर मोजतो. झुंज सहज जिंकली तर खेळ लांडग्याची ताकद थोडी वाढवतो, वाईट हरलं तर थोडी कमी करतो. त्यामुळे लांडगा कायम आपल्यापेक्षा चिमूटभर वरचढ राहतो.

“पण असं छळायचं कशाला?” मी विचारलं.

छळ नाही, टेकू म्हणाला, तोच तर उपचार आहे. मेंदूचा जो भाग दुखावला, त्याचं काम शेजारचे भाग शिकून घेऊ शकतात. याला मेंदूची घडणक्षमता म्हणतात (सरावानं मेंदूतल्या पेशींनी आपसात नव्या वाटा पाडणं). पण नव्या वाटा पडायला काम थोडं अवघड असावं लागतं. सोपं काम दिलं की मेंदू जुन्यावरच भागवतो. म्हणून लांडगा वाढायलाच हवा.

मग चूक कुठे होती? मी बराच वेळ टेकूच्या चाकाशेजारी बसून विचार केला. समजा, भिंतीवर आपल्या उंचीची रेघ मारली आणि कुणीतरी ती रोज गुपचूप आपल्या डोक्याइतकीच वर सरकवली. आपण कितीही वाढलो तरी रेघ डोक्याशीच दिसणार, आणि आपण खुजेच राहिलो असं वाटणार. पप्पांचं तेच झालं होतं. त्यांचा हात वाढत होता, पण ज्याच्याशी ते हात ताडून बघत होते तोच सोबत वाढत होता. मोजायला एक तरी वस्तू जागची हलता कामा नये. तिला संदर्भबिंदू म्हणतात (जो बदलत नाही, आणि ज्याच्याशी ताडून बाकीचे बदल कळतात), हा शब्द टेकूनं मला दिला.

पण नियम बदलायचा अधिकार टेकूला नव्हता. तो मायागिरी बनवणाऱ्यांकडे होता. मी तक्रार पाठवली, तर ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं यांत्रिक उत्तर आलं. पुन्हा पाठवली, पुन्हा आभार. शेवटी मी माझ्या दोन्ही झुंजींची चित्रफीत शेजारी शेजारी लावली, खाली लिहिलं, की हाच लांडगा माझ्या पप्पांचा हात बंद पाडतोय, आणि आभार येत राहिले तरी रोज पाठवत राहिले. मग एके दिवशी समोरच्या पडद्यावर एक खरी बाई आली. त्या केतकी दाबके. खेळाचे नियम त्यांनीच रचले होते.

केतकीताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, पण त्या काही लगेच मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, की सोपी जागा ठेवून बघितली होती. लोक तिथेच जिंकत बसतात, अवघडाकडे फिरकत नाहीत आणि हात आहे तिथेच राहतो. शिवाय प्रगतीचा आलेख टेकू दाखवतोच. मी म्हटलं, आलेख पप्पांना पटत नाही. टेकू प्रत्येकाला शाबास म्हणतो, त्याचं काय खरं मानायचं? केतकीताई जरा हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

तेव्हा मला तालीम आठवली.

“ताई, तालमीत पप्पा पोरांना रोज जोड म्हणून वरचढ गडी देतात,” मी म्हटलं. “सोप्या गड्याशी खेळू देत नाहीत. ते तुमच्या लांडग्यासारखंच आहे. पण कोपऱ्यात दगडाची नाल असते. मधे धरायला खाच असलेला मोठा दगड. ती आजोबांच्या वेळेपासून तेवढ्याच वजनाची आहे. पोरगं आलं की पहिल्या दिवशी ती हलवून बघतं, हलत नाही. वर्षानं तीच उचलतं. नाल वाढत नाही, म्हणून तर पोराला कळतं की आपण वाढलो. तुमच्या खेळात जोड आहे, नाल नाही.”

केतकीताईंनी मला नालेबद्दल आणखी विचारलं. पोरं दिवसभर नालेशीच खेळत का बसत नाहीत, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, की नालेवर कुस्ती थोडीच जिंकता येते, नाल नुसती आपला जोर ताडून बघायला असते. हे ऐकून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. प्रत्येकाचा पहिल्या दिवसाचा लांडगा खेळात साठवलेला असतो, त्या म्हणाल्या. तो आहे तसाच एका टेकडीवर ठेवता येईल. तिथे जिंकून पदवी नाही, रुप्याची तलवार नाही, काही नाही. फक्त भेटून यायचं. बाकीच्या रानातले लांडगे वाढतच राहतील.

काही दिवसांत टेकडी तयार झाली. आता खरा अडसर पप्पांचा होता. पंजा त्यांनी हातात घ्यायलाच नकार दिला. मी म्हटलं, तालमीतलं पोरगं असं अर्ध्यातून उठून गेलं असतं, तर तुम्ही त्याला वेशीपर्यंत पळवलं असतं. पप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग डाव्या हातानं पंजा उजव्यावर चढवला.

टेकडीवर लांडगा आला. पप्पांनी मूठ आवळली आणि लांडगा एका घावात आडवा झाला. टेकू शाबास म्हणणार, तेवढ्यात मी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

पप्पांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांचा चेहरा पडला होता.

“सोपा केलास व्हय?” ते म्हणाले. “बापाची दया आली म्हणून?”

मी सांगितलं, हा पहिल्या दिवसाचाच आहे, केसभरही बदललेला नाही. टाकीतला गोळा सांगितला, भिंतीवरची रेघ सांगितली, माझे दोन्ही प्रयोग सांगितले. पप्पांनी सगळं नीट ऐकलं. मग मान हलवली. “यंत्रातलं हाय ते. कुणीबी वाढवावं, कुणीबी घटवावं. मी कसं मानू?”

आणि खरं सांगते, मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं. ज्याच्यावर भरवसा नाही त्या मोजपट्टीनं मोजून काय उपयोग? खेळात कितीही स्थिर टेकडी बांधली, तरी ती स्थिर आहे हे पप्पांना बाहेरूनच पटायला हवं होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि पंजा त्यांच्या हातातून काढून घेतला. त्या उघड्या हातात माझा हात दिला.

“मग हा दाबा,” मी म्हटलं. “हा कुणी वाढवलेला नाही.”

आजारपणापासून पप्पांनी त्या हातानं कुणाला धरलं नव्हतं, मलाही नाही. दवाखान्यात मी तो धरायची तेव्हा बोटं नुसती माझ्या तळव्यावर पडून असायची. त्यांनी हळूच बोटं मिटली. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि मनाशी ठरवलं, की खोटं ओरडायचं नाही, अजिबात नाही. त्यांना शंकेला जागाच ठेवायची नाही. बोटं आणखी आवळली. मी दात खाल्ले. आणखी आवळली. अंगठ्याखालचं हाड कळवळलं आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, “पप्पा, दुखतंय.”

त्यांनी हात सोडला. आधी घाबरून माझा तळवा उलटसुलट करून बघितला. त्यावर त्यांच्या बोटांचे लाल वळ उठले होते. ते वळ बघता बघता पप्पांचे डोळे भरून आले, आणि मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी उजव्याच हातानं डोळे पुसले. आपण कोणता हात उचलला हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

केतकीताईंचा नंतर निरोप आला, की टेकडी आता मायागिरीतल्या सगळ्यांसाठी उघडली आहे आणि टेकूच्या जातभाईंना शाबास जपून वापरायला शिकवणार आहेत. म्हातारीच्या शेळीचंही बघू म्हणाल्या. पण ते पुढचं. त्या दिवशी पप्पांनी माझा हात चोळून दिला, मग पंजा पुन्हा चढवला आणि टेकूकडे वळून म्हणाले, “चल रं. त्या जाळीतल्या लांडग्याला म्हणावं, वाढ अजून.”