गादीच्या दुकानातला नवरा

मालकांनी कात्री हातात दिली, तिने फीत कापली, टाळ्या झाल्या आणि गर्दीतून कुणीतरी हाक मारली, "वहिनी, इकडे बघा ना जरा." वहिनींनी बघितलं. बघून गोड हसल्या. कामच ते होतं.

वहिनी म्हणजे एका मालिकेतली थोरली सून. सोशिक, मायाळू, डोळ्यांत कायम पाणी तरळणारी. मालिका अशी गाजली होती की ती लागली की रस्ते ओस पडायचे, भाजीवालाही गिऱ्हाइकाला म्हणायचा, थांबा, वहिनींचं काय झालं ते बघून येतो. आणि मग एक दिवस ती संपली. प्रेक्षकांचं काय हो, त्यांना दुसरी मिळते. नटाला मात्र दुसऱ्या दिवशीही भूक लागते. सासूबाईंनी पार्लर काढलं. दुष्ट दीर मोटार चालवायला शिकवू लागला, आणि त्याचे विद्यार्थी पहिल्या फटक्यात पास होऊ लागले, कारण त्याच्यासमोर चूक करायची कुणाची छाती होत नव्हती. आणि आपली ही वहिनी उद्घाटनं करायची. चष्म्याचं दुकान, दातांचा दवाखाना, एकदा तर पेट्रोल पंप. मधल्या वेळात एका फोन कंपनीला आवाज द्यायची, 'कृपया थोडा वेळ थांबा'. ते ती इतक्या मायेने म्हणायची की लोक खरंच थांबायचे.

आज गाद्यांचं दुकान होतं.

"चला, आत एक गंमत ठेवलीय," मालक म्हणाले. पोट पुढे, मन मऊ, असा माणूस. त्यांनी तिला रस्त्याकडेच्या मोठ्या काचेजवळ नेलं. तिथे पलंग, पलंगावर दुकानातली सगळ्यात महागडी गादी, आणि गादीवर छातीपर्यंत पांढरी चादर ओढून एक माणूस गाढ झोपलेला.

नवरा होता. तिचा नवरा... म्हणजे मालिकेतला.

"अर्धं वर्ष कोमात होते ना ते मालिकेत," मालक कुजबुजले. "काय छान दिसायचे. आमची ही तर म्हणायची, असं झोपावं माणसाने. म्हटलं, यांनाच बोलवू. रोज सकाळी येतात, दुपारपर्यंत झोपतात. लोक बघायला थांबतात आणि गादी घेऊन जातात."

गर्दी काचेपाशी सरकली. काहीतरी करायला तर हवं. ती सवयीने वाकली आणि सवयीनेच म्हणाली, "अहो... ऐकताय ना?"

त्याने एक डोळा किलकिला केला. "ऐकतोय. पण उठलो तर नोकरी जाईल माझी."

ती फस्सकन हसली. वहिनी असं कधी हसत नसे.

मग काय, मालकांनी त्याला उठवून तिच्या शेजारी उभं केलं. सगळ्यांचे फोन वर झाले. "बघा एकमेकांकडे, मालिकेत बघायचात तसं." तिने मान किंचित कलती केली, डोळ्यांत सगळी माया आणली आणि बघितलं... त्याच्या डाव्या कानाच्या वीतभर पलीकडे, उशांच्या मांडणीकडे. आणि तो? तो भक्तिभावाने तिच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होता.

पुढे उभ्या असलेल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "बिनसलंय गं यांचं. एकमेकांच्या तोंडाकडे बघवत नाहीये."

आता बाहेरच्यांना काय माहीत. मालिकेत तो सकाळच्या पाळीला असायचा आणि ती संध्याकाळच्या. दोघांचे प्रसंग वेगवेगळे घ्यायचे आणि मग जोडायचे. तिच्यासमोर दिव्याचा एक स्टँड उभा करत, त्यावर लाल चिकटपट्टी लावत, आणि एक साहाय्यक जांभया देत नवऱ्याची वाक्यं वाचे. ज्या नजरेवर अख्खं गाव फिदा होतं, ती नजर चिकटपट्टीसाठी होती. त्याच्यासाठीही स्टँडच असायचा, फक्त जरा उंच, कारण तिची उंची कुणी धड बघितलीच नव्हती. आणि कोमात? चादरीखाली लोड असायचा. लोडाला कवटाळून ती इतकी रडली होती की घराघरांत लोक जेवले नव्हते.

मालकांना आणखी बऱ्याच ठिकाणी दुकानं उघडायची होती, आणि सगळीकडे जोडी हवी होती. "फक्त तेवढं भांडण मिटवा तुमचं," ते काकुळतीने म्हणाले. तिला कितीतरी दिवसांनी सलग काम मिळत होतं. ती लगेच हो म्हणाली.

म्हणून मग दुपारी तो झोपेतून सुटला की दोघं मागच्या गोदामात तालीम करू लागली. गाद्यांच्या थप्प्या, नव्या कापसाचा वास, वर एक कुरकुरणारा पंखा, आणि समोरासमोर दोन स्टुलं.

"डावीकडे चाललात," तो म्हणायचा.

"सवय आहे हो."

"त्या चिकटपट्टीत असं काय होतं जे माझ्यात नाही?"

"ती मध्येच हसायची नाही. आणि तुम्ही कुठे बघताय? माझ्या डोक्यावर काय आहे?"

"तुम्ही एवढ्या ठेंगण्या असाल असं वाटलं नव्हतं."

"आणि तुम्ही एवढे बोलके असाल असं मला. त्यापेक्षा कोमात बरे होतात."

तो मान मागे टाकून हसला. मग जरा घुटमळून म्हणाला, "सगळं जग तुम्हाला वहिनी म्हणतं. मी कसा म्हणू? आपल्याच बायकोला?"

"मग काहीच म्हणू नका."

"बरं. ऐक ना—"

तो असा सहज 'तू'वर आला. तिच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तीही 'तू'वर आली.

आणि एका दुपारी तिची नजर सरळ गेली. उशांकडे नाही, भिंतीकडे नाही... त्याच्या डोळ्यांत. तो थांबला. बोलता बोलता थांबला. त्याच्या भुवईत एक बारीक व्रण होता, इतकी वर्षं मेकअपखाली झाकलेला.

"हे कशाचं?" तिने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"लहानपणी झोपेत कॉटवरून पडलो होतो."

"आणि आता झोपायचीच नोकरी करतोस?"

"चिकाटी म्हणतात याला."

ती हसली, पण नजर काही काढून घेता येईना. त्यालाही येईना. पंखा कुरकुरत राहिला. झालं. त्या दिवसापासून ती कामातून गेली.

उद्घाटनं धडाक्यात होऊ लागली. लोक म्हणायचे, मालिकेपेक्षाही हे छान बघतात हो. काम आटोपलं की दोघं दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसायची, तो तिला घरापर्यंत सोडायचा. एकदा दार तिच्या आईने उघडलं. आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आलात शुद्धीवर?" आई म्हणाली. "या. किती रडलेय मी तुमच्यासाठी."

"चुकलं, आई. दिग्दर्शकाचं ऐकावं लागतं."

आईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तो गेल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "मुलगा चांगला आहे. मालिकेत जरा मेंगळटच वाटायचा."

सगळं गोडच चाललं होतं. अडचण एकच होती, की सांगायचं कसं? प्रेमाची जेवढी म्हणून वाक्यं असतात, तेवढी तिची मालिकेत म्हणून झाली होती. 'तुमच्याशिवाय माझं आहे तरी कोण', 'माझा प्रत्येक श्वास तुमचा'... सगळी त्या चिकटपट्टीला वाहून झाली होती. ती आरशासमोर उभी राहून बघायची, पण काहीही म्हटलं की वहिनींचाच आवाज यायचा, मागे संगीत वाजायला जागा ठेवून. त्याला तरी कसं कळावं, कोण बोलतंय ते? आणि तो नाही म्हणाला तर? जोडीही जायची आणि हा पायरीवरचा चहाही. ती गप्प बसली.

अशात निर्मात्यांचा फोन आला. नवी मालिका, मोठी, आणि जोडी तीच. ती सँडल उलटसुलट घालून धावत दुकानात गेली. तो काचेमागे नुकताच आडवा झाला होता.

"मलाही आला फोन," तो म्हणाला. "तू कर. मी नाही करणार."

"का?"

"नको मला."

"मालिका नको, की मी नको?"

तो काहीतरी सांगणार होता, पण तेवढ्यात काचेबाहेर माणसं थांबली आणि त्याने पटकन डोळे मिटले. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण करणार? ती पाय आपटत निघून गेली. त्याचे फोन आले, ते तिने उचलले नाहीत. उशीत तोंड खुपसून रडली, आणि या वेळी कुणी बघत नव्हतं.

"भांडलात?" आईने शिवणाच्या मशीनवरून विचारलं.

"तो माझ्याबरोबर काम करायला नाही म्हणतो."

"मग? तुझे बाबा कधी माझ्याबरोबर शिवायला बसले होते? संसार केलाच ना आम्ही?" आईने दाताने दोरा तोडला. "कारण विचारलंस का त्याला? विचारायचं धाडस नाही, आणि राग मात्र नाकाच्या शेंड्यावर."

ती दुकानाकडे निघाली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, काचेशी आडोशाला बरीच माणसं उभी होती. ती ओल्या केसांनिशी आत शिरली आणि थेट पलंगाच्या कडेवर बसली.

"ऊठ."

"लोक बघतायत," ओठ न हलवता तो म्हणाला.

"बघू देत. का नाही म्हणालास?"

त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग डोळे मिटूनच म्हणाला, "मालिका घेतली की पुन्हा मी सकाळी, तू संध्याकाळी. तुझ्यासमोर स्टँड, माझ्यासमोर स्टँड. गावभर नवरा-बायको, आणि आपली गाठ म्हणून पडायची नाही. एकदा झालंय ते. मला इथेच बरं आहे. इथे तू येतेस."

वहिनींची सगळी वाक्यं धावत जिभेवर आली... ती तिने गिळली. एकेक करून गिळली. मग उरलं ते असं निघालं.

"मला... म्हणजे मी... तू. तू आवडतोस मला. म्हणजे, फार."

आवाज फाटला होता. शेवटी उचकी लागली. कुठल्याही दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला असता.

त्याने दोन्ही डोळे उघडले आणि उठून बसला.

"हे कुठल्या भागातलं?"

"कुठल्याच नाही."

"तेच म्हणतो. असलं वाक्य आपल्या लेखकाने जन्मात लिहिलं नसतं."

"मग उत्तर दे ना..."

त्याने तोंड उघडलं. इतकी वर्षं पानंच्या पानं न चुकता म्हणणारा माणूस, पण एक शब्द फुटेना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी त्याने तिचा ओला हात चादरीच्या टोकाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही धरून ठेवला.

"मी पण," तो म्हणाला. "मी पण तेच. कधीपासून."

काचेबाहेर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, जाहिरातच चाललीय. मालक धावत आले. "वा, हे झकास होतं. रोज करायचं का?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

तिथे पलंगावर बसूनच तिने निर्मात्यांना फोन लावला. काम घेते म्हणाली, पण सकाळची पाळी हवी. दुपारनंतर एक सेकंदही थांबणार नाही.

"ते जमवू हो," पलीकडून निर्माते म्हणाले. "पण त्यांनी तर नाही म्हटलंय. आता तुमच्या नवऱ्याचं काय करायचं?"

तिने शेजारी बघितलं. तो तिच्या बोटांशी खेळत होता, खोटं खोटं झोपायचंही विसरून.

"तुमच्या मालिकेत कुणालाही घ्या," ती म्हणाली. "माझा ठरलाय."